सरासरीत हरवलेली वाडी

(तळेघर, तालुका आंबेगाव, येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



दारिद्र्य कधी संपवावयाचे याची तारीख जगाने ठरवून टाकली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्य राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ ध्येये आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये मान्य केली. २०३० ही त्यांची मुदत. दारिद्र्यनिर्मूलन हे पहिलेच ध्येय, आणि कोणालाही मागे ठेवावयाचे नाही ही त्या ठरावातील प्रतिज्ञा. आपल्या देशाची वाटचाल नीती आयोग गुणांत मोजतो. २०१८ साली देशाला १०० पैकी ५७ गुण होते, २०२३-२४ च्या अहवालात ते ७१ झाले. आयोगाच्याच बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले. हे आकडे खोटे आहेत असे म्हणण्यासाठी मी येथे उभा नाही. माझा प्रश्न निराळा आहे. या हिशेबात तळेघर कोठे आहे?

दारिद्र्य मोजण्याच्या शास्त्राला आपल्याच जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळू शकतो, तेवढाही खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी त्यांची सरळ कसोटी होती. १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या कसोटीखाली होते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा जितका मागे तितका त्याचा अनुशेष, हे सूत्र तिने वापरले आणि १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. विदर्भ-मराठवाड्याचे गाऱ्हाणे प्रथमच रुपयांत मांडले गेले, हे त्या समितीचे श्रेय कोणी नाकारू नये.

परंतु त्या मोजणीचे एकक जिल्हा होते आणि तेथेच आपली अडचण सुरू होते. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण शेकडा चारच्या आत. हिंजवडीचे संगणक उद्योग, चाकणचे मोटारींचे कारखाने, पिंपरी-चिंचवडची वसाहत आणि भीमाशंकरच्या डोंगरातील कातकरी वस्ती हे सारे एकाच सरासरीत मिसळले जाते. त्या सरासरीत ही वस्ती दिसत नाही, याला कोणाचा कट असण्याची गरज नाही. साधा भागाकार पुरेसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसाठी घरे निवडली जातात ती जिल्ह्याचा अंदाज बांधता यावा एवढीच. तालुक्याचे चित्र तीतून निघत नाही, मग वाडीचे कोठून निघणार? आणि घरोघर जाणारी जनगणना २०२१ साली व्हावयाची होती, ती झाली नाही. दशकाहून अधिक काळ राज्यकारभार २०११ च्या आकड्यांवर चालला.

आता मोजपट्टीच्या आत डोकावून पाहू. बहुआयामी निर्देशांकात १२ बाबी आहेत. आरोग्याच्या तीन, शिक्षणाच्या दोन आणि राहणीमानाच्या सात: इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, घरातील चीजवस्तू आणि बँक खाते. राहणीमानाच्या प्रत्येक बाबीला एक एकविसांश वजन आहे आणि कुटुंब गरीब ठरण्यासाठी एकूण वंचितता एक तृतीयांश, म्हणजे एकवीसांत सात, भरावी लागते. याचा अर्थ नीट समजून घ्या. एखादे घर कुडाचे आहे, तेथे चूल लाकडावर पेटते, शौचालय नाही, नळ नाही, वीज नाही, सायकलसुद्धा नाही. मात्र कोणीतरी त्यांचे बँक खाते उघडून दिले आहे. अशा घराची वंचितता एकवीसांत सहा. आरोग्यात आणि शिक्षणात उणीव नोंदली गेली नाही, तर ते घर गरीब नाही. अशा घरात बहुधा कुपोषण असते आणि त्यामुळे ते गणतीत येते, हे खरे. पण खाते उघडल्याने गरिबीचा आकडा हलतो आणि हिरड्याचा भाव पडल्याने हलत नाही, ही गोष्ट विसरता येणार नाही.

कारण या डोंगरातील माणसाचे वर्ष ज्या गोष्टींवर उभे आहे त्या या बारांत नाहीत. खाचरातील भात किती महिने पुरला? बाळहिरडा वेचून, वाळवून विकला, तेव्हा हाती काय पडले? भात काढून झाल्यावर घरातील किती माणसे नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मजुरीला गेली आणि त्यांच्याबरोबर किती मुलांची शाळा बुडाली? जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे उन्मळून पडली. त्या नुकसानीच्या भरपाईसाठी इथल्या आदिवासींना पुढे कितीतरी काळ आंदोलने करावी लागली. ज्या उत्पन्नाला सरकारी तक्त्यात रकाना नाही, ते बुडाले तरी दाद मागणे किती कठीण होते, हे आपण तेव्हा अनुभवले.

धरणाचेही तसेच. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. त्या प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. तेथील शेतकरी आपला शत्रू नव्हे, त्याला पाणी मिळालेच पाहिजे. पण भिजलेले क्षेत्र प्रगतीच्या तक्त्यात जमा होते आणि बुडालेली खाचरे त्याच तक्त्यात खर्ची पडत नाहीत. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले. जंगल राखल्याचे गुण देशाच्या खात्यात जमा होतात, पण त्या जंगलावर जगणाऱ्याचा वनहक्काचा दावा किती वर्षे पडून आहे, हे गुणपत्रिकेत कोठे दिसते?

आणि माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि १५१ माणसे गेली. ही बातमी बाहेर आली ती एस.टी.च्या चालकामुळे. रोजच्या वाटेवर गाव जागेवर दिसले नाही, म्हणून त्याने कळवले. जो समाज उपग्रहाने पिके मोजतो, त्याला आपले एक गाव नाहीसे झाल्याचे एस.टी. चालकाकडून कळावे, यापेक्षा आपल्या मोजणीवर अधिक कठोर टीका मला सुचत नाही.

काही साथी म्हणतील की आकड्यांचा हा खेळ सरकारचा आहे, आपण लढ्याचे बोलावे. मला हे पटत नाही. वीज आली, रस्ता आला, ही सुधारणा खरी आहे आणि ती नाकारून आपण लोकांसमोर खोटे ठरू. उलट मोजणी सरकारच्या हाती सोडली तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्या गुणांवर माणसाच्या गरिबीचा निकाल लागला आणि यादीत नाव यावे म्हणून शेजारी शेजाऱ्याशी भांडला. मोजणी लोकांच्या हाती असेल तर ती हक्काचे साधन होते. नसेल तर तीच वगळण्याचे साधन होते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय २०१५ साली झाला. ग्रामपंचायतींच्या प्रगतीचा निर्देशांकही केंद्र सरकारने आता सुरू केला आहे. त्यासाठी जी माहिती गावातून वर जाते, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविल्यावाचून जाऊ नये, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि तिच्या जोडीला प्रत्येक वाडीची आपली वही हवी. तीत पाच गोष्टी लिहा: घरचा भात किती महिने पुरला, हिरडा किती विकला आणि कोणत्या भावाने, कोण किती महिने गावाबाहेर मजुरीला गेले, उन्हाळ्यात पाण्याच्या हंड्यामागे किती वेळ गेला, वनहक्काचा दावा कोठे अडला आहे. पुरुषांनी सांगितले ते बायकांना विचारून पडताळा, कारण पाण्याचा हिशेब त्यांच्याच डोक्यावर असतो. कातकरी आणि ठाकर वस्त्यांची पाने वेगळी ठेवा, नाहीतर आपणही आपली एक सरासरी काढू आणि जिल्ह्याने आपल्यावर केला तोच अन्याय आपण त्यांच्यावर करू.

या डोंगरात पडकईची रीत जुनी आहे. सगळ्यांनी मिळून एकाच्या उतारावर बांध घालावयाचे, खाचर तयार करावयाचे, मग दुसऱ्याच्या. ही वहीही तशीच भरावयाची आहे. येत्या भातलावणीपूर्वी येथे जमलेल्या प्रत्येकाने एकेक वाडी पुरी करावी आणि ती वही घेऊन घोडेगावच्या तहसील कचेरीत जावे. २०३० साली देश आपली गुणपत्रिका जगाला दाखवील, तेव्हा तळेघरचा हिशेब तळेघरच्या हातचा लिहिलेला असला पाहिजे.