वाणाचा डबा आणि आपलं मत

आम्ही मोर्शी तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या बारा जणी. रेडिओवर आज आमच्यातली एकच बोलते आहे, पण हे बोलणं सगळ्यांनी बैठकीत बसून ठरवलेलं आहे. म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे.

विषय आहे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीचा. कोणत्या पक्षाला किंवा चिन्हाला मत द्या, हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. उमेदवार दारात आला की आम्ही त्याला काय विचारतो आणि का विचारतो, एवढंच सांगतो.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

आपल्या जिल्हा परिषदेची मागची निवडणूक 2017 च्या फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीच्या आधी काय असतं, ते बायांना सांगायला नको. संक्रांत, आणि मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. त्या वर्षी गावात मोठं हळदीकुंकू झालं. मंडप पडला, खुर्च्या आल्या, आणि वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर नाव आणि हात जोडलेला फोटो. आम्ही डबे घेतले आणि घरी आलो. कागद दोन धुण्यात निघाला. डबा अजून आहे, त्यात तिखट भरलेलं आहे.

मतदान झालं आणि आम्ही ते विसरून गेलो. आठवण झाली ती 2023 च्या पावसाळ्यात.

आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. उपकेंद्र गावापासून दोन पावलांवर. जाऊन पाहिलं तर कुलूप. नर्सबाईंची बदली झालेली आणि जागा कितीतरी दिवस रिकामी. शेवटी शेजाऱ्याची संत्रा भरायची पिकअप काढली, मागे गादी टाकली, वर ताडपत्री धरली आणि पोरीला मोर्शीला नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या ताडपत्रीखाली आम्ही तिघी जणी बसलो होतो, आणि काय काय मनात येऊन गेलं ते आम्हालाच माहीत.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. तिथं सांगितलं, उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, आमच्या हातात नाही. मग जिल्हा परिषदेचा आपला सदस्य कोण? तर कोणीच नाही! मुदत मार्च 2022 मध्येच संपलेली, निवडणूक झालेली नाही, कारभार प्रशासकाकडे. साहेबांना भेटायचं तर अमरावतीला जा, एक दिवसाची मजुरी बुडवा, आणि ते मीटिंगला गेलेले असले तर परत या.

आणि सदस्य होता, तेव्हा तरी आम्ही काय विचारलं होतं? आमच्या गटातली म्हातारी मावशी त्या दिवशी म्हणाली, "डबा घेतला तवाच आपलं तोंड बंद झालं, वं माय. आता कोनाले इचारतं?"

ते वाक्य आम्हाला लागलं. तिथून आम्ही शिकायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट शिकलो, ती कोणतं काम कोणाचं. गावातला नळ, नाली, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, अंगणवाडी, गावाला जोडणारे ग्रामीण रस्ते ही कामं मुख्यतः जिल्हा परिषदेकडे. एसटी, वीज, मोठी धरणं ही तिच्या हातात नाहीत.

दुसरी गोष्ट, मतं दोन असतात. जिल्हा परिषदेचा एक गट, आणि त्या गटात पंचायत समितीचे दोन गण. आपण एक मत गटाच्या उमेदवाराला देतो आणि एक गणाच्या. दोन्ही एकाच पक्षाला द्यायची असा काही नियम नाही. आमच्यातल्या चौघींना हे माहीतच नव्हतं. त्या आजवर "एकाच चिन्हावर दोनदा दाबायचं" असं समजत होत्या.

आता उमेदवारांकडे वळू. ऑक्टोबर 2025 मध्ये गट-गणांची आरक्षण सोडत निघाली आणि तेव्हापासून इच्छुकांच्या चकरा सुरू झाल्या. नावं घेत नाही, पण आमचं मत सांगतो.

एक भाऊ आले. म्हणाले, अप्पर वर्धा धरणाचं पाणी तुमच्या शेतात आणून देतो. ऐकायला फार गोड वाटलं. धरण आपल्याच तालुक्यात, सिंभोऱ्याला. त्याचं पाणी अमरावती शहर पितं, आणि आपल्याकडे संत्र्याच्या बागा जगवायला बोअर खोल खोल चालले आहेत. दुखणं खरं आहे. पण धरण पाटबंधारे खात्याचं. जिल्हा परिषदेचा सदस्य ते पाणी कसं आणणार, असं आम्ही विचारलं. भाऊ म्हणाले, "वरपर्यंत ओळख आहे." आम्ही चहा दिला. मत देऊ असं म्हटलं नाही.

दुसरे आले ते रस्त्याचे ठेकेदार. त्यांनी केलेला रस्ता आम्ही रोज तुडवतो. दोन पावसाळ्यांत खडी वर आली. त्यांच्याबद्दल आम्हाला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

तिसऱ्या आल्या एक ताई. जागा महिलेसाठी राखीव, म्हणून त्या उभ्या. सोबत त्यांचे यजमान. आम्ही ताईंना विचारायचो आणि उत्तर यजमान द्यायचे. शेवटी मावशीनं त्यांना सांगितलं, "भाऊ, तुमी जरा ओट्यावर बसा, आमाले बाईशी बोलू द्या." ते बाहेर गेले, आणि ताई बोलायला लागल्या. शाळेचं छप्पर गळतं हे त्यांना माहीत होतं. आरोग्य केंद्राबद्दल म्हणाल्या, "मले समदं माईत नाही, पन इचारून सांगते." आठ दिवसांनी एकट्या आल्या आणि सांगून गेल्या. त्यांना मत द्यायचं की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. एक म्हणते, निवडून आल्यावर सही यजमानच करतील. दुसरी म्हणते, आपण तिला बोलायला जागा दिली नाही तर ती शिकेल कधी? 2011 पासून आपल्या राज्यात या संस्थांमध्ये निम्म्या जागा बायांच्या आहेत. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बाईनं स्वतः बसावं यासाठी मतदार बायांनाही थोडं काम करावं लागतं, असं आमच्यातल्या बहुतेकींना वाटतं.

आता आम्ही पाच प्रश्न पक्के केले आहेत. येईल त्या प्रत्येकाला तेच पाच.

एक. आपल्या उपकेंद्रात नर्सबाईंची जागा रिकामी राहिली तर तुम्ही काय कराल? सदस्य स्वतः नर्स नेमू शकत नाही, हे आम्हाला कळतं. पण सर्वसाधारण सभेत प्रश्न लावू शकतो, लेखी उत्तर मागू शकतो. ते कराल का?

दोन. शाळेत शिक्षक किती? शिक्षण हक्क कायद्यानं साठपर्यंत पट असला तरी प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल, तर तुम्ही कुठं बोलाल?

तीन. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी म्हटलं आहे. नळ बसला, पण उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येतं, हे तुम्ही येऊन पाहाल का?

चार. जिल्हा परिषदेनं आपल्या उत्पन्नातला 10 टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे दरवर्षी आमच्या बैठकीत येऊन सांगाल का?

पाच. निवडून आल्यावर भेटाल कुठं, कोणत्या वारी?

पाचवा प्रश्न सोपा वाटतो, पण त्यावरच जास्त जण अडखळतात.

घरातलंही सांगतो. "आपल्या समाजाचा आहे", "सोयरा आहे", "घरची मतं फुटली नाही पाहिजे", हे आम्हालाही ऐकावं लागतं. घरात भांडण करा असं आम्ही म्हणत नाही. पण मशीनसमोर आपण एकट्या असतो आणि मत गुप्त असतं. तुकडोजी महाराज आपल्याच जिल्ह्यातले. मत जात, नातं, लोभ पाहून देऊ नये असं ग्रामगीतेत त्यांनी समजावलं आहे. आपण ते भजनात ऐकतो आणि मतदानाच्या दिवशी विसरतो.

दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते आत्ताच पाहा. नव्या सुनेचं नाव बहुतेक वेळा माहेरच्या यादीत राहून जातं. गावच्या बीएलओकडे नमुना 8 चा अर्ज भरला की ते इकडे आणता येतं. आणि उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्यात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे लिहिलेले असतात. ते वाचायला मिळतं. गावातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

यंदाचं हळदीकुंकू आम्ही गटाच्या पैशातून केलं. मंडप नव्हता, अंगणात सतरंजी टाकली. वाण म्हणून प्रत्येकीला एक वही दिली. पहिल्या पानावर हे पाच प्रश्न लिहिले आहेत, आणि पुढची पानं कोण काय बोललं ते लिहायला कोरी ठेवली आहेत. मतदानाची तारीख आज ना उद्या लागेल. तोवर तुमच्या गटातही अशी एक वही करा. प्रश्न आमचेच घ्या असं नाही, तुमच्या गावचे तुम्ही ठरवा. आणि निवडून आलेल्या माणसासमोर वर्षभरानं तीच वही पुन्हा उघडा.

पिकअपमध्ये नेलेल्या पोरीचा बाळ आता अंगणवाडीत जातो. त्याच्या आईनंही वही घेतली आहे.

रामराम.