सत्तरीनंतरचे आरोग्यकवच : वाराणसीच्या निमित्ताने



काशी आणि वार्धक्य यांचे नाते पुरातन आहे. संसाराच्या जबाबदाऱ्या आटोपल्यानंतर महाराष्ट्रातील कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी काशीवासासाठी प्रस्थान करीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या प्रवासामागील धारणा आयुष्याच्या शेवटाची होती. आज त्याच वाराणसीत वृद्ध माणसे उपचारासाठीही येतात. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय हे संपूर्ण पूर्वांचल व पश्चिम बिहारचे आधारस्थान आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या अखत्यारीतील दोन कर्करोग रुग्णालयांचे उद्घाटन २०१९ मध्ये या शहरात झाले. रुग्णालय गाठता आले, तरी वृद्धाच्या उपचाराचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतोच. आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

११ एप्रिल २०२५ रोजी वाराणसी जिल्ह्यातील मेहदीगंज येथे पंतप्रधानांच्या हस्ते सत्तरी ओलांडलेल्या काही नागरिकांना ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डे देण्यात आली. या कार्डाचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम विमा बाजाराचे स्वरूप पाहावे लागेल.

बाजार का अपुरा पडतो?

विम्याचे तत्त्व साधे आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून साहाय्य मिळावे. परंतु स्वतःच्या प्रकृतीची माहिती विमाधारकाला कंपनीपेक्षा अधिक असते. सरासरी खर्चावर हप्ता ठरविला, तर निरोगी माणसे बाहेर पडतात व आजारी तेवढी उरतात. परिणामी हप्ता वाढतो आणि आणखी काही जण गळतात. अर्थशास्त्रात यास ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पासष्टीपुढील व्यक्तींना वैद्यकीय विमा मिळण्यातील अडचणीचेच उदाहरण दिले होते. २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

भारतातही परिस्थिती वेगळी नव्हती. ज्या वयात विम्याची गरज सर्वाधिक, त्याच वयात तो दुर्मीळ किंवा महाग होता. विमा नियामकाने २०२४ मध्ये पासष्ट वर्षांची प्रवेशमर्यादा हटविली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा करही रद्द झाला. तथापि, बाहत्तर वर्षांच्या मधुमेही व्यक्तीला तीन वर्षांची प्रतीक्षा परवडणारी नसते.

योजनेची वाटचाल व चौकट

२००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबास वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते. २०१६ मध्ये त्यातील साठीपुढील व्यक्तींसाठी आणखी ३० हजारांची जोड देण्यात आली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने ही मर्यादा कुटुंबामागे ५ लाख रुपयांवर नेली. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, या योजनेत सामावून घेण्यास मंजुरी दिली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी या विस्ताराचा प्रारंभ झाला. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठ नागरिकांना त्याचा लाभ अपेक्षित होता.

लाभार्थ्याला हप्ता नाही, प्रतीक्षाकाळ नाही आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. खर्चाचा भार करातून उचलला जातो. सर्वसाधारण राज्यांत केंद्र व राज्याचा वाटा ६० : ४० असतो. सर्वांना प्रवेश आणि करातून निधी असल्यामुळे निरोगी माणसे बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच या योजनेस काटेकोर अर्थाने विमा म्हणण्यापेक्षा आरोग्य हमी म्हणणे अधिक उचित ठरते.

तपशील नीट समजून घ्यावा

समजा, वाराणसीतील एका निवृत्त शिक्षकाचे वय ७४ व त्याच्या पत्नीचे ६६ आहे. या विस्तारात कार्ड फक्त त्याला मिळेल. पत्नीने सत्तरी गाठल्यावर तीही पात्र होईल, परंतु मग ५ लाखांची मर्यादा दोघांत मिळून राहील. दुसरीकडे, विणकराचे कुटुंब आधीपासूनच योजनेत असेल, तर त्या घरातील सत्तरीपुढील आजी-आजोबांना स्वतंत्र ५ लाखांचे वाढीव संरक्षण मिळते व त्यात इतरांचा वाटा नसतो. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना यांच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. खासगी विमा असणाऱ्यांना मात्र तो सोडावा लागत नाही.

वय आधार कार्डावरील नोंदीनुसार ठरते. ती नोंद चुकीची असल्यास पात्र व्यक्तीही वंचित राहू शकते. आयुष्यभर मागावर राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटेनासे झाले, तर चेहरा किंवा मोबाइलवरील संकेतांकाद्वारे ओळख पटविण्याची सोय आहे. योजना देशभर संलग्न रुग्णालयांत लागू असल्यामुळे पुण्यात काढलेले कार्ड काशीतही चालते. माहिती व तक्रारीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

जे कवचाबाहेर राहते

योजना प्रामुख्याने रुग्णालयातील भरतीचा खर्च देते. भरतीपूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात मोडतात. परंतु वार्धक्यातील आजार बहुधा दीर्घकालीन असतात. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांची रोजची औषधे, बाह्यरुग्ण तपासणी आणि घरची शुश्रूषा यांचा भार कुटुंबावरच राहतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी असली, तरी उरलेला वाटाही लहान नाही.

दुसरी उणीव वयाची आहे. २००७ च्या कायद्यानुसार साठ वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते, तर हे कवच सत्तरीस मिळते. मधल्या दशकातील गरीब नसलेल्या, पण निवृत्तिवेतनही नसलेल्या माणसाला बाजाराकडेच पाहावे लागते. तिसरी बाब पुरवठ्याची आहे. कार्डामुळे मागणी वाढते, खाटा व वृद्धरोगतज्ज्ञ मात्र आपोआप वाढत नाहीत. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बनारस हिंदू विश्वविद्यालय आणि मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथे प्रादेशिक वृद्धोपचार केंद्रे योजण्यात आली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

म्हणून परीक्षेत या योजनेवर प्रश्न आल्यास केवळ ‘७०’ व ‘५ लाख’ हे आकडे लिहून थांबू नये. बाजार जिथे माघार घेतो तिथे शासन का पुढे येते, हे सांगावे, आणि रुग्णालयाच्या दारापलीकडे काय शिल्लक राहते, तेही सांगावे. शस्त्रक्रियेसाठी आता घर गहाण पडू नये, ही पहिली पायरी आहे. रोजच्या गोळ्यांसाठी वृद्धाला मुलापुढे हात पसरावा लागू नये, ही पुढची पायरी गाठायची आहे.