सहा तासांची मुंबई
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ग्रुपवर मी अधूनमधून क्रूझच्या बोटींचे फोटो टाकते. त्यामुळे मी सतत समुद्रावर मजा करत असते असा बऱ्याच जणांचा समज आहे. खुलासा करते : मी बोटीवर कधीच नसते. बॅलार्ड पिअरला बोट लागली की मी बाहेर उन्हात पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभी असते. उतरलेल्या दोघा-चौघांना दिवसभर मुंबई दाखवायची आणि वेळेत परत बोटीवर पोचवायचं, हा माझा व्यवसाय. संयोजकांचा आग्रह होता की त्यावरच बोल, म्हणून बोलते.

बोटीच्या कंपनीच्या स्वतःच्या सहली असतात. एका बसमध्ये तीस-चाळीस जण, सगळ्यांना तेच दाखवायचं, तेवढाच वेळ. ज्यांना हे नको असतं ते आमच्यासारख्यांकडे येतात. गाडी त्यांची, गाइड त्यांचा आणि काय बघायचं हेही तेच सांगणार. पण यात एक मेख आहे. बोटीची बस वाहतुकीत अडकली तर बोट सहसा थांबते. खासगी सहलीला गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं, आणि ते दुसऱ्या देशात असलं तर काय धांदल उडेल, कल्पना करा.

म्हणून मी दिवसाचा हिशेब शेवटाकडून मांडते. बोट सहाला सुटणार असेल तर पाचच्या सुमारास सगळे आत हवेत. म्हणजे चार वाजता आमची गाडी बॅलार्ड इस्टेटमध्ये हवी. सकाळी बोट आठला लागली तरी व्हिसा, पासपोर्ट, बोटांचे ठसे हे सगळं उरकून पाहुणे बाहेर येईपर्यंत दहा वाजतात. राहिले किती? सहा तास. त्यातच जेवण, त्यातच पेडर रोडचा ट्रॅफिक.

आणि पाहुण्यांची यादी कशी असते? घारापुरी, मणिभवन, धोबीघाट, बाणगंगा, डबेवाले, क्रॉफर्ड मार्केट, साडीखरेदी. एका गृहस्थांनी विचारलं होतं, दुपारनंतर ताजमहाल जमेल का? मी लिहिलं, ताज हॉटेल जमेल, ताजमहाल बाराशे किलोमीटरवर आहे!

घारापुरीचंच घ्या. गेटवेहून लाँचने जायला तास, यायला तास. वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. त्रिमूर्तीसमोर जरा शांत उभं राहायचं तर एकूण साडेचार तास धरावे लागतात. सोमवारी लेणी बंद. म्हणजे घारापुरी घेतली की शहर जवळजवळ सोडावं लागतं. हे मी आगाऊ रक्कम घेण्याआधी कळवते. काही जण मग दुसऱ्या कोणाकडे जातात, जो सगळं दाखवतो म्हणून सांगतो. जाऊ देत. पाहुण्याच्या पसंतीची सहल म्हणजे त्याने मागितलेलं सगळं देणं, असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती म्हणजे काय गाळायचं हे त्याच्यासोबत बसून ठरवणं.

ज्यांना चालायला आवडतं त्यांना मी ओव्हल मैदानाच्या मध्यावर नेऊन उभं करते. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. 2018 साली या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. आपण तिथे क्रिकेट बघत भेळ खायचो, तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? गेटवेला मी राजाराणीच्या भेटीइतकीच 28 फेब्रुवारी 1948 ही तारीख सांगते. त्या दिवशी शेवटची ब्रिटिश तुकडी त्याच कमानीतून निघून गेली. इंग्रज पाहुणेही ते मन लावून ऐकतात.

एकदा इंग्लंडच्या एका वृद्ध बाईंनी यादीत एकच नाव दिलं : शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. त्यांच्या पणजोबांची कबर तिथे होती. क्रमांक त्यांनी आधीच मिळवला होता. झाडीतून शोधायला पाऊण तास लागला. दगडावरची निम्मी अक्षरं गेली होती. बाईंनी रुमालाने तो पुसला आणि बराच वेळ तिथेच बसल्या. मी गेटवे सुचवलं नाही, काहीच सुचवलं नाही. बसच्या सहलीत ही कबर कधी आली असती?

मनाशी दोन नियम पाळते. कमिशन देणाऱ्या दुकानात पाहुण्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय नेत नाही. या धंद्यात त्या कमिशनवर बऱ्याच जणांचं घर चालतं, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. माझी फी मात्र त्यामुळे जास्त असते आणि ती का, हे मी सांगते. दुसरं, धोबीघाटावर माणसं काम करत असतात. फोटो काढायचा तर आधी विचारायचं. आपल्या घराच्या मोरीत कुणी न विचारता कॅमेरा घेऊन आलं तर आपल्याला चालेल का?

आणि हो, दर थांब्यावर मी डोकी मोजते, चारच असली तरी. शाळेच्या सहलीत बाईंनी लावलेली सवय आहे. बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी हसू नये.

आता आपल्यापैकी अनेक जण निवृत्त होऊन क्रूझला निघाले आहेत. तेव्हा थोडं कामाचं सांगते. बोट ‘रोम’ म्हणते पण उतरवते चिवितावेक्कियाला, तिथून रोम ऐंशी किलोमीटर. अथेन्सचं बंदर पिरियस मात्र दहाच किलोमीटरवर. सँटोरिनीला बोट समुद्रातच उभी राहते, लहान होडीने किनाऱ्यावर जावं लागतं, त्या रांगेचा वेळ धरा. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. ठिकाणं दोनच निवडा, तिसरं वेळ उरला तर. आणि तिथला गाइड ‘हे आज जमणार नाही’ म्हणाला तर रागावू नका. त्याने तुमची बोट वाचवलेली असते.

बाहेरगावाहून आलेल्यांपैकी कुणाला आपलीच मुंबई पुन्हा बघायची असेल तर उद्या सकाळी मोकळी आहे. फी नाही. पण यादी आज रात्रीच द्या, म्हणजे गाळायला वेळ मिळेल.