दुधाचा खाडा

(वस्तीतल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला बोलावलंय कवी म्हणून. पण आज कविता आणलेली नाही. आज दुधावर बोलणार आहे. आईच्या अंगावरच्या दुधावर. पुरुषानं माइकवर हा शब्द काढला की पोरं खाली बघतात. खाली बघा, पण ऐका.

मी गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे दहावी. डॉक्टरकी मला कळत नाही. पण माल कुणाच्या पाठीवरून उतरतो आणि नफा कुणाच्या खिशात जातो, एवढं गोदीतल्या माणसाला कळतं. म्हणून सिसिली विल्यम्स हे नाव वाचनालयात पहिल्यांदा दिसलं तेव्हा डिक्शनरी घेऊन रात्री बसलो.

बाई आपल्यातल्या नव्हेत, हे आधीच सांगतो. गोऱ्या. 1893 साली जमैकात जन्मल्या, ऑक्सफर्डला शिकल्या, डॉक्टर झाल्या. 1929 साली इंग्रज सरकारनं त्यांना आफ्रिकेत गोल्ड कोस्टला धाडलं. तेच आताचं घाना. तिथं अक्राच्या दवाखान्यात पोरं यायची. पाय सुजलेले, कातडी सोलवटलेली, केस तांबूस. यायची आणि मरायची. मोठे मोठे साहेब डॉक्टर म्हणाले, हा जुनाच रोग, पेलाग्रा. बाईंना पटेना. त्यांनी सरळ तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? गा भाषेत बायका म्हणाल्या, क्वाशिओरकॉर. पाठचं भावंड आलं की आधीच्याला होणारा आजार. म्हणजे नवं आलं, जुन्याचं दूध तुटलं, आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज राहिली. सगळं निदान त्या एका शब्दात होतं! बाईंनी 1933 साली या आजारावर लिहिलं, आणि 1935 साली तो शब्द जसाच्या तसा लॅन्सेटमध्ये छापला. आज जगभरच्या डॉक्टरकीच्या पुस्तकांत तो आहे.

आयांना ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. आपल्याकडं गावच्या बाळंतपणात नाळ कापायला मांगवाड्यातली सुईण बोलवायचे. नाळ कापून झाली की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिला काय काय ठाऊक होतं ते कुणी लिहून घेतलं?

पुढं 1936 ला बाईंची बदली मलायात झाली. सिंगापुरात त्यांनी बघितलं, नर्ससारखे कपडे घातलेल्या बायका घरोघर फिरून साखर घातलेलं आटवलेलं दूध बाळासाठी म्हणून खपवतायत. पांढरा झगा बघून आई भुलते. आपलं दूध आटतं, डबा परवडत नाही, त्यात पाणी वाढतं, पोर जातं. 1939 साली तिथल्या रोटरी क्लबनं बाईंना भाषणाला बोलावलं. क्लबचा अध्यक्ष दूध कंपनीचाच माणूस होता असं सांगतात. बाईंनी भाषणाला नाव दिलं ‘मिल्क अँड मर्डर’. दूध आणि खून. तोंडावर सांगितलं, या मरणांना खूनच म्हणा.

त्यानंतर जगाला जाग यायला चाळीस वर्षं लागली. 1977 साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. 1981 साली जागतिक आरोग्य सभेत डब्यांच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारी संहिता आली. बाजूनं 118 मतं, विरोधात एक. ते एक अमेरिकेचं. आपल्याकडं 1992 साली कायदा झाला. बाळाच्या डब्याची जाहिरात नाही, फुकट नमुना नाही, दवाखान्यात प्रचार नाही.

आता घरचं सांगतो.

माझी ताई चार घरची धुणीभांडी करते. तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा दवाखान्यातून निघताना एका बाईनं तिच्या पिशवीत डबा टाकला. म्हणाली, असू द्या, लागेल. कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली होती. भिंतीवर पोस्टर होतंच, आईचं दूध हेच अमृत. ताई बाविसाव्या दिवशी कामावर गेली. मॅडमचा निरोप आला होता, जमत नसेल तर दुसरी बघते. सकाळी सातला गेली की दोनला घरी. मधल्या वेळी छाती दगडासारखी व्हायची, लोकांच्या मोरीत उभं राहून दूध पिळून टाकायची. ज्यांची भांडी घासली त्यांच्याच मोरीत ते अमृत गेलं. पुढं पुढं आटलं. मग दुसरा डबा आला. तो कुणी आणला? मीच आणला, डबल पाळीच्या पैशातनं. मामा म्हणून मिरवत आणला. आठवड्याचा डबा आईनं महिनाभर पुरवला, एक चमचा पावडर आणि बाटलीभर पाणी. पोराला हगवण लागली. वाचलं. पण आज शाळेच्या रांगेत सगळ्यांत पुढं उभं असतं, उंचीमुळं. हे सिंगापूरचं वाचताना माझ्या हाताला घाम फुटला तो यासाठी.

बाईंची एक गोष्ट अजून राहिली. युद्धात जपान्यांनी त्यांना पकडलं, चांगीच्या तुरुंगात टाकलं. अन्नाची मारामार. तिथं कैदी बायकांना 20 मुलं झाली. वीसच्या वीस अंगावर पाजली, वीसच्या वीस जगली. मी हे तीनदा वाचलं. तुरुंगातल्या आईजवळ तिचं मूल होतं. माझ्या ताईजवळ नव्हतं.

म्हणून सांगतो, ते पोस्टर अर्धं खोटं आहे. दूध फुकट नसतं. आईनं खाल्लेल्या भाकरीचं ते होतं, आणि ज्या वेळात ती पाजते त्या वेळाचा खाडा पडतो. सरकारची पाहणी, 2019 ते 21 ची, सांगते की देशातल्या शंभरातल्या बावन्न गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी. अडाणी आई, अडाणी आई म्हणून भाषणं झोडणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

1928 च्या जुलैत मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा आणि मालकानंही हात झटकू नयेत, असं त्यांनी मांडलं. ते बिल कारखान्यातल्या बायकांसाठी होतं. 2017 साली ही पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण कोणाला? जिच्या नोकरीचा कागद आहे तिला. ताईचा महिना 12,000. सहा महिन्यांचे 72,000. सरकारच्या योजनेतनं पहिल्या मुलाला मिळतात 5,000. तेही हप्त्यानं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कमीत कमी 6,000 लिहिलेत, पहिलं-दुसरं असा भेद न करता. योजनेत दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच मिळतात.

ताईला आता सातवा महिना आहे. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही.

आमच्या टोळीतल्या अकरा जणांनी ठरवलंय, दर आठवड्याला शंभर रुपये बाजूला काढायचे. एकट्या ताईसाठी नाही. वस्तीत दिवाळीपर्यंत तिघी बाळंत होणार आहेत, त्यांच्या खाड्यासाठी. तिघींच्या सहा महिन्यांना ते पुरत नाहीत, हिशेब केलाय. म्हणून सोमवारी वॉर्ड ऑफिसवर पाळणाघर मागायला जायचंय, आणि पोरांनो, तुम्हीसुद्धा यायचंय, नुसत्या बाया पाठवायच्या नाहीत. वही दाराशी ठेवलीय. नाव लिहा, पुढं आकडा लिहा.