मर्यादा : छपरावरच्या विजेची



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या शाळेत भाषेच्या एका अभ्यासकाने विजेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा खरा विषय ‘मर्यादा’ हा शब्द आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत : एक सीमा, दुसरा दुसऱ्याचा मान राखून वागणे.

घरच्या छपरावर तयार होऊन उरलेली सौर वीज तारांत परत सोडता येते. कर्नाटकाच्या वीज नियामक आयोगाने २०१३ साली, अनुदान न घेणाऱ्यांसाठी, अशा विजेला युनिटमागे ९ रुपये ५६ पैसे दर ठरविला. पुढे तो उतरविण्यात आला. २०२१ च्या केंद्रीय नियमाने नेट मीटरिंगला ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल, तेवढी सीमा घातली. २०२४ साली एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. छपरे वाढतील, तारा मात्र त्याच आहेत.

भर दुपारी ऊन कडक असते आणि घरातला वापर थोडा. सगळ्यांची वीज एकाच वेळी तारांत शिरली की दाब वाढतो. रोहित्रापासून सर्वांत दूर असलेल्या घरी तो बहुधा सर्वाधिक असतो, आणि तेथील इन्व्हर्टर आधी बंद पडतो. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्याचे दुःख दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर कोणास समजावून सांगावे लागत नाही. हे दुःख त्याच जातीचे आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्च २०२१ मध्ये हजारो घरांचे सौरसंच काही काळ दुरून बंद करावे लागले. पुढे तेथे ग्राहकापुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या : कायमची दीड किलोवॅटची सीमा, किंवा तारांत जागा असेल तेव्हा १० किलोवॅटपर्यंत सोडण्याची मुभा.

म्हणून सीमाच नको, असे मी म्हणणार नाही. पण आधी आलेल्याने सारी जागा घ्यावी आणि मागून कर्ज काढून संच बसविणाऱ्यास ‘आता जागा नाही’ असे ऐकावे लागावे, ही मर्यादा नव्हे. सीमा सर्वांना सारखी असावी, कर्ज काढण्यापूर्वी कळावी आणि जागा होताच सैल व्हावी. पाण्याच्या पाळीत आपण हाच न्याय मागत आलो. विजेच्या पाळीतही तो मागू या, आणि तो मागताना शेपटाकडच्या घराची आठवण ठेवू या.