स्पिरुलिना : आधी ग्रॅम सांगा

(मुदखेड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एवढ्या उकाड्यात शेवाळावरचं भाषण ऐकायला इतकी गर्दी! पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरल्या, हे मात्र मी पाहिलं. (हशा)

स्पिरुलिना म्हणजे औषधाच्या दुकानातल्या त्या हिरव्या गोळ्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खरं तर ती शेवाळ नव्हे, नीलहरित जीवाणू. पण तो तास कॉलेजात. पत्रिकेत ‘जागतिक संशोधनाचे प्रवाह’ छापलंय, ते उरकतो. आफ्रिकेत चाड देशातल्या कानेम्बू बाया तळ्यावरचा हिरवा तवंग गाळून त्याच्या वड्या वाळवतात आणि कालवणात घालतात. 1960च्या दशकात लेओनार्ड या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या वड्या जगापुढे आणल्या आणि प्रथिनांचा गजर सुरू झाला. पुढे कोलेस्टेरॉल, प्रतिकारशक्ती. मग तिच्यातला निळा रंग. अमेरिकेनं तो 2013 मध्ये कँडी आणि च्युइंगगमसाठी मान्य केला. आता पाव, शेवया, दही यांत ती मिसळतात, आणि वास कसा लपवायचा यावरही निबंध निघतात.

माझा हट्ट एकच. कुणी गुण सांगू लागला की विचारायचं : किती ग्रॅम?

साठ टक्के प्रथिनं, हे खरं. पण आपण खातो किती? अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या, म्हणजे तीन ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळाली जेमतेम दोन ग्रॅम. तेवढी ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत असतात. (हशा) हसू नका, भाकरीचा भाव आणि गोळ्यांचा भाव शेजारी लिहून बघा.

स्पिरुलिनासाठी टाक्या बांधून बसलेले दोघे-तिघे समोर दिसताहेत. दादा, मी तुमच्या धंद्यावर उठलेलो नाही. हाच प्रश्न तुमच्या बाजूनंही बोलतो. तमिळनाडूत बालवाडीच्या मुलांना रोज एक ग्रॅम दिली, तेव्हा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं डोळ्यांत येणारे डाग कमी झाल्याची नोंद आहे. तिथं एक ग्रॅम पुरला, कारण ते जीवनसत्त्व लागतंच चिमूटभर. कोलेस्टेरॉल थोडं उतरतं असंही दिसलंय, पण बरेच प्रयोग थोड्या माणसांवरचे आणि थोड्या आठवड्यांचे.

आता लोणार. दोन मिनिटंच घेतो. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर, त्यातलं खारं, सोड्याचं पाणी. उतरताना आधी वास येतो, मग तळं दिसतं. काठाला स्पिरुलिनाचा हिरवा, बुळबुळीत थर. बोटं बुडवून चोळली तर साबण लागल्यासारखी घसरतात. अशा पाण्यात दुसरं फारसं टिकत नाही, म्हणून हिचं फावतं. जून 2020 मध्ये ते तळं गुलाबी झालं. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं अपशकुन. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. रोहित पक्ष्यांचा गुलाबीपणाही असे सूक्ष्मजीव खाण्यातूनच येतो. केनियातल्या सोड्याच्या तळ्यांवरचा लहान रोहित, वजन दोन किलोच्या आसपास, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम सुकी स्पिरुलिना गाळून खातो. आणि आपण सत्तर किलोंचे, तीन ग्रॅमवर गुलाबी व्हायला निघालोय! (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. दोन मिनिटांची वीस झाली म्हणे. अध्यक्षांना माझी मिनिटं दिसतात, प्रास्ताविकाची दिसली नाहीत. असो.

मग महत्त्वाचं तेवढं सांगतो. माळकरी मंडळींनी नीट ऐका. बी-12 साठी हिच्यावर विसंबू नका. हिच्यातलं बहुतेक बी-12 खोट्या जातीचं. आपल्या शरीराला ते लागू पडत नाही, हे जपानी संशोधकांनी दाखवलंय. आपल्याकडे बी-12 ची कमतरता किती पसरली आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी अभ्यासून ठेवलंय. हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासा, डॉक्टरांना भेटा.

आणि टाकीवाल्यांनो, जड धातू आणि विषारी शेवाळाची तपासणी केल्याशिवाय माल विकू नका. तुमचा माल विकत घेण्याची हमी देणाऱ्यालाही विचारा : किती किलो, कोणत्या भावानं, कोणत्या कागदावर?

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. ‘स्पिरुलिना चांगली की वाईट’ अशी चिठ्ठी मी वाचणार नाही. ग्रॅम लिहा, मग बोलू.