कवच फुटलं की लस संपली



पशुवैद्यकांच्या या परिषदेच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पशुरोग नियंत्रणाचा आढावा' असं छापलं आहे. लम्पी, पीपीआर, ब्रुसेलोसिस यांवर पुढच्या सत्रांत जाणकार बोलतीलच. मी बोलणार आहे लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या कवचावर. हे बोलायची वाट मी फार वर्षं पाहिली आहे.

लोफ्लर आणि फ्रॉश यांनी 1898 साली हा विषाणू ओळखला. प्राण्यांच्या विषाणूंतला तो पहिला. त्याची अणुपातळीवरची रचना कळायला मात्र 1989 उजाडलं. व्यास सुमारे 30 नॅनोमीटर. चार प्रथिनं, प्रत्येकाच्या 60 प्रती. त्यांची 12 पंचकं जुळून कवच होतं आणि आत आरएनएचा एकच धागा. कवचाबाहेर डोकावणारा एक लवचीक फास पेशीवरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला धरतो. पेशी विषाणूला पिशवीत ओढून घेते, पिशवीत आम्लता वाढते आणि पीएच साधारण 6.5 च्या खाली उतरला की पंचकांमधले सांधे सुटतात. याच कुळातला पोलिओचा विषाणू आरएनए सोडून रिकामं कवच मागे ठेवतो. आपल्या या विषाणूचं कवचच उसवतं. पेशीत शिरण्याची त्याची वाट तीच आहे.

आता लसीकडे या. लस म्हणजे आरएनए निकामी केलेलं, पण अखंड कवच. संरक्षण देणारी प्रतिपिंडं त्या अखंड कवचामुळे तयार होतात. सुट्या पंचकांमुळे फारशी होत नाहीत. आणि जो सांधा आम्लाने सुटतो, तोच उष्णतेनेही सुटतो. त्यातही या विषाणूच्या 'ओ' प्रकाराचं कवच फार नाजूक, आणि आपल्याकडे सर्वाधिक साथी त्याच्याच.

लस दिली तरी रोग का येतो, यावर आपल्या प्रत्येक परिषदेत वाद होतो. कुणी लसीच्या वाणाला दोष देतं, कुणी जनावराच्या अशक्तपणाला. मी माणदेशात पाहिलेलं सांगतो. उन्हाळी मोहिमेत सकाळी गावठाणातली जनावरं टोचून झाली. दुपारी मळ्यातल्या वस्तीवर पोहोचलो, तोवर पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. टोचणी थांबवा, असं मी म्हटलं. वरून निरोप आला, उद्दिष्ट पूर्ण करा. टोचणी झाली. पावसाळा सरताना रोग आला. गावठाणातल्या थोड्या गाई लाळ गाळून सावरल्या. मळ्यात दावणीच्या दावणी बसल्या. बैलांचे खूर सुटले, दुभत्या म्हशी आटल्या. बॅच एकच, टोचणारा हात एकच, चारा-पाणीही तेच. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

2019 मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 13,343 कोटींची तरतूद झाली. त्यातला मोठा वाटा ज्या कवचासाठी, ते शेवटच्या वस्तीपर्यंत नेणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाला ते कसं मोडतं हे कुणी सांगत नाही. एका प्रशिक्षणाच्या बैठकीत मी हा धडा घालायला सुचवलं, तर 'ते संशोधकांचं काम, इथे नको' असं मला ऐकवण्यात आलं. त्या वाक्याचा राग आजही गेलेला नाही. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची, हा कार्यालयीन नियम नाही, ती विषाणूच्या रचनेची अट आहे. गोठ्याच्या निर्जंतुकीकरणाला धुण्याचा सोडा किंवा सायट्रिक आम्ल का चालतं, तेही हीच रचना सांगते. कारण कळलेला माणूस बर्फासाठी भांडतो. नुसता आदेश मिळालेला माणूस रजिस्टर भरतो.

या विषयावर मराठीत एक सचित्र पुस्तिका काढावी असं मनात आहे. कोण लिहील, खर्च कसा उभा राहील, ते कार्यकारिणीत बसून ठरवू. तोवर एवढंच करा. प्रत्येक वस्तीवर पहिली बाटली काढण्याआधी पेटीत हात घालून पाहा. बर्फ नसेल तर टोचू नका, परत फिरा, आणि परत का फिरलात ते रजिस्टरात स्वतःच्या सहीनिशी लिहा.